घरी सरस्वतीपूजन करायचे आहे: मूर्ती, दिवस आणि वाचनबंदी यांविषयी मार्गदर्शन हवे

वेलांटी

नमस्कार. आमच्या घरी देवपूजा रोज होते, परंतु देव्हाऱ्यात सरस्वती कधीच नव्हती. कुलस्वामिनीचा टाक, गणपती, अन्नपूर्णा, बाळकृष्ण, महादेवाची पिंड आणि शंख-घंटा एवढेच आमच्याकडे आहे, आणि सासूबाईंच्या सांगण्यानुसार त्यांच्या सासूबाईंच्या काळापासून त्यात एकाही देवाची भर पडलेली नाही. मुलीला नुकतेच पाचवे वर्ष लागले. त्या निमित्ताने माझ्या मावशीने सरस्वतीची पितळी मूर्ती भेट दिली. मूर्ती फार सुबक आहे. बैठकीसह तिची उंची दीड वीत तरी भरेल. ती देव्हाऱ्यात ठेवावी अशी माझी इच्छा आहे, मात्र नवी मूर्ती देव्हाऱ्यात आली की तिचे नित्य स्नान, गंध, नैवेद्य सारे आलेच आणि त्यात खंड पडता कामा नये, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. त्यांना डावलायचे नाही, पण मूर्ती कापडात गुंडाळून कपाटात ठेवून देणेही मनाला पटत नाही.

दुसरा प्रश्न दिवसाचा. आमच्या कार्यालयातील मूळच्या बिहारच्या सहकारी वसंत पंचमीला घरी सरस्वती बसवतात. आपल्या दिनदर्शिकेत मात्र नवरात्रात सरस्वती आवाहन, पूजन, बलिदान आणि विसर्जन असे चार निरनिराळे दिवस छापलेले असतात, आणि शाळेतले सरस्वतीपूजन तर आम्ही सर्वांनी दसऱ्याला केलेले आहे. यांपैकी घरच्या पूजेचा दिवस कोणता धरावा? शिवाय सरस्वतीच्या संदर्भात 'बलिदान' म्हणजे नेमके काय करावयाचे असते?

तिसरी अडचण माझी स्वतःची आहे. एकदा ग्रंथ पूजेला मांडले की विसर्जनापर्यंत वाचन-लेखन करायचे नाही, असे ऐकून आहे. माझी खात्यांतर्गत परीक्षा यंदा नवरात्र संपता संपता येत आहे. विद्येच्या देवतेचे पूजन करायचे आणि त्यासाठी ऐन वेळी अभ्यास बंद ठेवायचा, हे गणित मला सुटत नाही. गुरुजींना न बोलावता, संस्कृत फारसे येत नसताना हे सर्व घरच्या घरी करता येईल का, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

पोथीशाळा

वेलांटीताई, आपल्या सासूबाईंचे म्हणणे केवळ जुन्या वळणाचे म्हणून बाजूला सारण्यासारखे नाही. त्याला शास्त्राचा आधार आहे. घरातील नित्यपूजेची प्रतिमा अंगठ्याच्या पेराएवढीपासून फार तर वीतभर असावी, त्याहून मोठी असू नये, असा मत्स्यपुराणातला निर्देश आहे. वीत म्हणजे बारा अंगुळे. आपली मूर्ती दीड वीत आहे, म्हणजे मानाने ती मखरात किंवा चौरंगावर शोभणारी आहे, देव्हाऱ्यातली नव्हे. देव्हाऱ्यातल्या देवांचे टाक आणि मूर्ती एका ताम्हनात मावतील अशा लहान असतात, त्यामागे हेच मान आहे.

परंतु यावरून ती कपाटात बंद करून ठेवावी असेही निघत नाही. तिची प्राणप्रतिष्ठा झालेली नाही, त्यामुळे नित्यपूजेचे बंधनही तिच्याबाबत उत्पन्न झालेले नाही. अशी मूर्ती अभ्यासाच्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटावर, स्वच्छ आणि पायांच्या पातळीच्या वर अशा जागी आदराने ठेवावी. पूजेच्या दिवशी तिला चौरंगावर घ्यावे, अक्षता वाहून आवाहन करावे, पूजा करावी आणि विसर्जनाच्या अक्षता वाहून पुन्हा तिच्या जागी ठेवावे. पार्थिव गणपतीच्या बाबतीत आपण तेवढ्या दिवसांपुरते देवत्व मानतो. येथे रीत तीच, फक्त मूर्ती पाण्यात सोडायची नाही इतकाच फरक. सासूबाईंची अडचण यात आपोआप दूर होते, कारण रोजचे काहीच अंगावर येत नाही.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडच्या बहुतेक देव्हाऱ्यांत सरस्वती नसते, आणि त्याचे कारण उपेक्षा हे नाही. मराठी घरात तिचे अधिष्ठान ग्रंथ आणि पाटी हेच मानले गेले आहे. नवरात्रातील सरस्वतीपूजनाचा विधी पाहिला तर त्यात पुस्तकांची स्थापना करून त्यांच्यावर देवीचे आवाहन करावे असेच सांगितलेले आढळते. मूर्ती असल्यास उत्तम, नसल्यास काही उणे राहत नाही. मूर्तिकलेतही हा संबंध फार जुना आहे. मथुरेच्या कंकाली टीला येथे सापडलेली, इ. स. १३२ ची मानली जाणारी सरस्वतीची मूर्ती ही ज्ञात असलेल्या अगदी जुन्या सरस्वतीमूर्तींपैकी एक आहे. ती जैन परंपरेतली आहे. तिच्या हातात वीणा नाही, पोथी आहे. तेव्हा मावशींनी मूर्ती दिली नसती तरी आपले पूजन अडले नसते, हे आधी ध्यानात घ्यावे आणि मग मूर्तीचा आनंदही अवश्य घ्यावा.

दिवसांविषयी. दिनदर्शिकेतले ते चार दिवस तिथीवर ठरत नाहीत, नक्षत्रावर ठरतात. गोंधळ होतो तो यामुळे. आश्विन शुद्ध पक्षात मूळ नक्षत्रावर आवाहन, पूर्वाषाढा नक्षत्रावर पूजन, उत्तराषाढा नक्षत्रावर बलिदान आणि श्रवण नक्षत्रावर विसर्जन असा क्रम आहे. ही चारही नक्षत्रे ओळीने येतात आणि त्या सुमारास चंद्र मूळ नक्षत्रात येतो तो साधारण सप्तमीच्या आसपास, त्यामुळे श्रवण बहुधा दशमीच्या जवळ पडते. तिथी आणि नक्षत्र यांची गती एकच नसल्यामुळे एखाद्या वर्षी आवाहन षष्ठीला आले किंवा विसर्जन दसऱ्याच्या आधी-नंतर गेले, तर पंचांगकर्त्याची चूक झाली असे समजू नये. कमलाकरभट्टांनी १६१२ मध्ये पूर्ण केलेला निर्णयसिंधू आणि पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा १७९० चा धर्मसिंधू, या आपल्याकडे मानल्या जाणाऱ्या दोन्ही ग्रंथांत हा नक्षत्रक्रम दिलेला आहे. जाता जाता सांगण्यासारखे म्हणजे कमलाकरभट्ट काशीचे असले तरी त्यांचे घराणे मूळचे पैठणचे.

'बलिदान' या शब्दाने आपण दचकलात ते स्वाभाविक आहे. बलि म्हणजे देवतेला अर्पण केलेला भाग. घरगुती सरस्वतीपूजनात त्या दिवशी विशेष नैवेद्य दाखवला की तो उपचार पूर्ण होतो.

वसंत पंचमी म्हणजे माघ शुद्ध पंचमी. त्या दिवशी सरस्वती बसवण्याचा आचार बंगाल, बिहार, ओडिशा या भागांत दृढ आहे. आपल्याकडे त्या दिवसाची ओळख पंढरपुरात होणाऱ्या विठ्ठल-रुक्मिणीच्या विवाहसोहळ्यामुळे अधिक आहे. आपण वसंत पंचमीला पूजा केली तर दोष मुळीच नाही, पण कुळाचाराला धरून राहावयाचे असेल तर नवरात्रातला किंवा दसऱ्याचा दिवस सोयीचा पडेल.

पूजा आपली आपण जरूर करावी. पुराणोक्त मंत्रांना कोणाचीही आडकाठी नाही. स्त्रियांनी, मुलांनी, कोणीही म्हणावेत. सोळा उपचार जमत नसतील तर गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य हे पाच उपचार पुरेसे आहेत आणि प्रत्येक उपचार 'श्री सरस्वत्यै नमः' एवढ्या नाममंत्राने अर्पण करता येतो. आरंभी गणपतीचे स्मरण करावे. 'या कुन्देन्दुतुषारहारधवला' हा श्लोक बहुतेकांना शाळेपासून पाठ असतो. तो ध्यानाला चालतो. संस्कृत नकोच असेल तर दासबोधाच्या पहिल्या दशकातला तिसरा समास संपूर्ण शारदास्तवनाचा आहे. तो मराठीत आहे, मोठ्याने वाचण्यास पाच-सात मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही, आणि घरातल्या सर्वांना कळतो.

वाचनबंदीबद्दल मात्र मी स्पष्टच सांगतो. निषेध आहे. ग्रंथ स्थापन केल्यापासून विसर्जनापर्यंत वाचू नये, लिहू नये आणि शिकवूही नये, असे निर्णयसिंधूत उद्धृत केलेले वचन आहे.

खडूफळा

वर पोथीशाळा यांनी शास्त्र उत्तम सांगितले आहे. प्राथमिक शाळेत शिकवण्यात माझी नोकरी गेली, म्हणून मुलीच्या बाजूने थोडे लिहिते.

पाच वर्षांच्या मुलीला आवाहन आणि विसर्जन यांतला फरक कळणार नाही. तिला पाटी कळेल. दसरा साडेतीन मुहूर्तांपैकी एक असल्यामुळे त्या दिवशी अक्षरारंभासाठी वेगळा मुहूर्त पाहावा लागत नाही, आणि पाटीपूजन हा तर खास आपल्याकडचा आचार आहे. एकाच्या आकड्यांची जुळणी करून पाटीवर जी सरस्वती काढतात ती आपल्या सासूबाईंना नक्की येत असेल. घरोघरी त्या आकृतीत थोडाफार फरक असतो, म्हणून पुस्तकातली पाहून काढण्यापेक्षा सासूबाईंकडून काढून घ्यावी आणि शेवटचे दोन-तीन आकडे मुलीच्या हाताला धरून तिच्याकडून काढवावेत. आकृती किंचित वाकडी आली तर पुसू नये.

एक व्यवहारातली सूचना. नवी पाटी दुकानातून आणल्या आणल्या तिच्यावर पेन्सिल नीट उमटत नाही. पृष्ठभागावर भुकटी असते, आणि रेघ तुटक येते. आदल्या दिवशी ओल्या फडक्याने पाटी दोनदा पुसून सावलीत पूर्ण वाळवावी. पूजेच्या वेळी पाटी ओलसर असली तर काढताना काहीच दिसत नाही आणि वाळल्यावर भलतेच दिसते. दर वर्षी वर्गातली निम्मी मुले यावरून रडकुंडीला येत. आकृती काढून झाल्यावर हळदकुंकू आकृतीच्या बाजूला, लाकडी चौकटीजवळ वाहावे, म्हणजे रेघा फिसकटत नाहीत. झेंडूचे फूल पाटीच्या खालच्या कडेला ठेवावे.

पाटी येण्यापूर्वी मुले लाकडी फळीवर धूळ पसरून तीवर बोटाने किंवा काडीने अक्षरे गिरवीत असत. तिला धूळपाटी म्हणत. दक्षिणेत आजही विजयादशमीच्या विद्यारंभाला ताटात तांदूळ पसरून त्यांवर मुलाचे बोट फिरवतात. आपल्याला दोन्ही करता येईल: तांदळात बोटाने 'श्री' काढवून घ्यावा, मग पाटीवर सरस्वती. मुलीला तांदळाचा प्रकार अधिक आवडेल, असे मी अनुभवाने सांगते.

मूर्तीच्या बाबतीत पोथीशाळा यांच्याशी मी सहमत आहे, मात्र मुलगी लहान असताना मूर्ती तिच्या दृष्टीच्या टप्प्यात ठेवावी. फार उंचावर ठेवलेल्या वस्तूशी मुलांचे नाते जडत नाही.

गोदाकाठ

आम्ही नांदेड जिल्ह्याच्या सीमाभागात राहतो. आमच्याकडे मुलांचा अक्षराभ्यास बहुधा बासरला होतो. बासर आता तेलंगणाच्या निर्मल जिल्ह्यात येते, गोदावरीच्या काठीच आहे, आणि नांदेड-निजामाबाद लोहमार्गावर त्याचे स्थानक असल्यामुळे मराठी कुटुंबांची तेथे नेहमी ये-जा असते. ज्ञानसरस्वतीचे ते देऊळ आहे. लक्ष्मी आणि काली याही तेथे आहेत. मुलाला मांडीवर घेऊन पाटीवर अक्षरे गिरवून घेतात. वसंत पंचमीला आणि नवरात्रात गर्दी फार असते, त्यामुळे लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी ते दिवस टाळलेले बरे.

मूर्तीच्या आकारावरून वर जी चर्चा झाली आहे तिच्या अनुषंगाने तेथील आख्यायिका सांगतो. व्यासमुनी गोदावरीत स्नान करून रोज तीन मुठी वाळू आणत आणि त्या वाळूच्याच तीन देवी घडवत, अशी ती कथा आहे. वाळूची मूठ जेथे मूर्ती होऊ शकते तेथे पितळेची दीड वीत की एक वीत, याची फार काळजी करू नये असे मला वाटते. पण हे माझे मत झाले. शास्त्राशी वाद घालण्याचा हेतू नाही.

तंबोरा

वाचनबंदीच्या मुद्द्यावर पोथीशाळा यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी पूर्ण सहमत होऊ शकत नाही, म्हणून लिहीत आहे.

निषेध आहे हे मान्य. परंतु तो कोणाला आहे? वचनाचा रोख पुस्तकांची स्थापना केलेल्या उपासकाकडे आहे. ज्याने स्थापनाच केली नाही त्याला तो लागू होत नाही. तेव्हा आपण चार दिवसांचे पूर्ण विधान अंगीकारले तर चार दिवस ग्रंथ मिटलेले राहिले पाहिजेत, आणि एकाच दिवसाची पूजा केली तर तेवढ्या वेळापुरतेच ते बंधन राहते. आमच्या घरी गाण्याची परंपरा आहे. दसऱ्याला तंबोरे, तबला, संवादिनी पूजेला मांडतो. सकाळी पूजा होते, दुपारी विसर्जनाच्या अक्षता पडतात आणि संध्याकाळी पहिला षड्ज लागतो. दिवसभर तंबोऱ्याला हात लावायचा नाही, या एवढ्याशा बंधनाने संध्याकाळी जी ओढ वाटते ती वेगळीच असते, हे खरे. पण चार दिवस रियाज बंद ठेवा असे आमच्या गुरूंनी कधीही सांगितले नाही.

ज्या काळात हे वचन लिहिले गेले त्या काळात परीक्षेचा दिवस कोणी तिसराच ठरवीत नव्हता, हेही ध्यानात घेतले पाहिजे. वेलांटीताईंनी यंदा बिनदिक्कत अभ्यास करावा. सरस्वती त्यावर रुष्ट होईल, ही कल्पना मला तिच्या स्वभावाशी विसंगत वाटते.

पोथीशाळा

तंबोरा यांनी योग्य ठिकाणी बोट ठेवले आहे. निषेध स्थापनेला बांधलेला आहे, हे मलाही मान्य आहे आणि माझ्या लिहिण्यात ते स्पष्ट यायला हवे होते असे कोणी म्हटले तर माझी हरकत नाही. मतभेद आहे तो त्यांच्या शेवटच्या वाक्याशी. देवता रुष्ट होते की नाही हा निकष लावला तर कोणतेच व्रत उरत नाही. व्रत आपण आपल्याला घालून घेतलेले असते. ज्याला चार दिवस ग्रंथ मिटून बसता येईल त्याने बसावे, आणि ज्याला बसता येणार नाही त्याने तसा संकल्पच करू नये. संकल्प करून मग चोरून पुस्तक उघडणे, हे मात्र करू नये.

त्यामुळे यंदासाठी माझी सूचना अशी. आवाहन ते विसर्जन हे पूर्ण विधान या वर्षी घेऊ नये. दसऱ्याच्या सकाळी आवाहन, पूजन, नैवेद्य असे करून त्याच दिवशी विसर्जन करावे. परीक्षा जर दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी असेल तर पूजेत अभ्यासाची पुस्तके मांडण्याऐवजी घरातली एखादी पोथी, मुलीचे अंकलिपीचे पुस्तक आणि पाटी एवढेच मांडावे. घरातील सगळी पुस्तके चौरंगावर रचलीच पाहिजेत असा नियम नाही. प्रतिनिधी म्हणून एक ग्रंथ पुरतो. परीक्षा नसलेल्या वर्षी चार दिवसांचे विधान अवश्य करून पाहावे. धर्मसिंधूत आवाहन मूळ नक्षत्राच्या पहिल्या चरणात आणि विसर्जन श्रवणाच्या पहिल्या चरणात सांगितले आहे. एका नक्षत्राचे चार चरण असतात आणि चंद्राला एक चरण ओलांडायला साधारण सहा तास लागतात, म्हणून पंचांगात नक्षत्र केव्हा लागते ती वेळ पाहून ठेवावी. ती वेळ मध्यरात्रीची निघाली तर काय, असे विचारू नये. दिनदर्शिकेत ज्या दिवशी छापलेले असते त्या दिवशी सोयीच्या वेळी करावे.

वेलांटी

सर्वांचे मनापासून आभार. सासूबाईंना हे सारे वाचून दाखवले. देव्हारा आहे तसाच राहणार, हे ऐकून त्यांना हायसे वाटले, आणि पाटीवरची सरस्वती त्यांनी लगेच कागदावर काढून दाखवली.

दोन शंका राहिल्या आहेत. आमच्याकडे नवरात्रात सप्तशतीचा पाठ होतो. त्यात महासरस्वती येते. तीच ही देवी आहे का, आणि तसे असेल तर घट बसलेले असताना पुन्हा वेगळे पूजन करणे म्हणजे द्विरुक्ती होत नाही का? दुसरे म्हणजे, मांडायला मी ज्या पोथीचा विचार करते आहे ती आजेसासऱ्यांची आहे, कागद तांबूस आणि ठिसूळ झाला आहे. तिच्यावर हळदकुंकू, पाणी, फुले वाहिली तर ती टिकेल का, ही भीती वाटते. शिवाय माझ्या मूर्तीपाशी मोर आहे आणि आमच्या सहकारींच्या तसबिरीत हंस. यातले योग्य कोणते?

पोथीशाळा

द्विरुक्ती होत नाही. सप्तशतीचे तेरा अध्याय तीन चरित्रांत विभागलेले आहेत आणि पाचव्या ते तेराव्या अध्यायापर्यंतच्या उत्तर चरित्राची देवता महासरस्वती आहे. तिच्या ध्यानश्लोकात घंटा, शूळ, नांगर, शंख, मुसळ, चक्र, धनुष्य आणि बाण अशी आठ हातांतली आठ आयुधे सांगितली आहेत. शुंभ-निशुंभांचा वध करणारी ती देवी आहे. वीणा-पुस्तक धारण करणारी चार हातांची सरस्वती ध्यानाच्या दृष्टीने वेगळी आहे. तत्त्वतः दोन्ही एकच असे देवीउपासक मानतात, आणि मानावे. पण पूजा ध्यानाला धरून होत असते. म्हणून घटाची पूजा घटाच्या जागी आणि पुस्तकांचे पूजन वेगळ्या चौरंगावर, असे दोन्ही एकाच घरात सुखाने चालते. बाजारात तसबीर घ्यावयाची झाल्यास हात आणि आयुधे मोजून घ्यावी एवढेच.

हंस की मोर हा वाद मिटणारा नाही आणि मिटवण्याची गरजही नाही. हंसाचा निर्देश अधिक रूढ आहे. मोर आपल्या भिंतींवर इतका ठळक झाला त्यात राजा रविवर्मा यांच्या चित्राचा वाटा मोठा आहे. १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत शिळाछापखाना काढला आणि देवादिकांच्या छापील तसबिरी घरोघर गेल्या. आपल्या मूर्तीतला मोर चांगला आहे, राहू द्यावा.

खडूफळा

पोथीच्या काळजीबद्दल मी सांगते, कारण जुन्या पोथ्या पूजेतच खराब होताना मी पाहिल्या आहेत. पोथीला ओले गंध किंवा कुंकवाचे बोट अजिबात लावू नये. कुंकवाचा लाल डाग तीन-चार पानांपर्यंत झिरपतो आणि मग तेथली अक्षरे वाचता येत नाहीत. फुले नुकतीच धुतलेली असतात, त्यांच्या देठांशी पाणी राहते, आणि ती रात्रभर पोथीवर राहिली की सकाळी कागद फुगलेला आणि चिकटलेला मिळतो. पोथी स्वच्छ, कोरड्या सुती कापडात बांधून ठेवावी आणि जे वाहावयाचे ते कापडावर वाहावे. अक्षता कोरड्याच घ्याव्यात; कुंकू कालवून ओल्या केलेल्या अक्षता नकोत. अभिषेक, पंचामृत हे सर्व समोर ताम्हनात ठेवलेल्या सुपारीवर करावे. मूर्ती पितळी असल्यामुळे तिच्यावरही करता येईल, मात्र वीणेच्या तारांच्या खाचांत दूध-दही अडकून हिरवट थर धरतो. नंतर मऊ कुंचल्याने कोमट पाण्यात स्वच्छ करून लगेच कोरडी करावी. समई आणि उदबत्ती पोथीपासून हातभर तरी लांब असावी.

कागद ठिसूळ झाला आहे असे आपण लिहिता, तेव्हा पूजेनंतर वाचायला म्हणून ती उघडू नये. वाचायला छापील प्रत घ्यावी.

तंबोरा

नैवेद्याचे कोणी लिहिले नाही म्हणून. सरस्वतीला पांढरे प्रिय मानतात. तांदळाची खीर किंवा साधे दूध-साखर चालते. दसऱ्याला घरात जे गोडधोड होते तेही आधी तिला दाखवावे आणि मग पाने वाढावी.

पोथीशाळा

विसर्जनाचे तेवढे राहिले. मूर्तीवर, पोथीवर आणि पाटीवर अक्षता वाहून 'पुनरागमनाय च' म्हणावे आणि तिन्ही वस्तू किंचित जागच्या हलवाव्यात. तेथे पूजा संपते. पाटीवरची सरस्वती त्या दिवशी पुसू नये, दुसऱ्या दिवशी मुलीनेच पुसावी आणि लगेच तीवर एखादे अक्षर काढावे. निर्माल्य तुळशीत न टाकता एखाद्या मोठ्या झाडाच्या मुळाशी घालावे, आणि ताटातले 'श्री' काढलेले तांदूळ घरच्या तांदळात मिसळून त्याच दिवशी शिजवावेत. मावशींना प्रसाद पोचवायला विसरू नये.